मध्यंतरातला फराळ : सुरतेच्या चित्रपटगृहांच्या निमित्ताने

चित्रपटाचा अभ्यास करणारे कथा, पटकथा, संगीत, अभिनय यांचा विचार करतात. मध्यंतराच्या दहापंधरा मिनिटांत प्रेक्षक काय खातो, याकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. विषय क्षुल्लक वाटतो हे खरे. परंतु महिन्यातून दोनतीन चित्रपट पाहणारा विद्यार्थी वर्षाकाठी तीसेक वेळा त्या खिडकीसमोर उभा राहतो आणि पुष्कळदा तिकिटाइतकेच पैसे तेथे मोजतो. या पैशांत त्याच्या पोटात नेमके काय जाते, आणि त्याहून बरे काही जाऊ शकेल काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उदाहरणादाखल सुरत शहर घेतले आहे, आणि ते सहेतुक. ‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण गुजरातीत आहे तशी आपल्याकडेही ऐकू येते. शिवाय सुरत मराठी माणसाला परकी नाही. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. तापीच्या खोऱ्यातून जाणारी रेल्वे नंदुरबार, अमळनेर, जळगाव ही गावे सुरतेला जोडते. या मार्गाने गेलेली हजारो खानदेशी कुटुंबे लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत यंत्रमागाच्या आणि कापडावरील प्रक्रियेच्या धंद्यात आहेत. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, त्या याच वस्तीसाठी. बारा बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी सिनेमा ही मोठीच करमणूक असते, आणि त्या दिवशी मुलांना काहीतरी खाऊ घेऊन देणे हा तिचाच भाग असतो. तेव्हा हा प्रश्न केवळ वातानुकूलित बहुपडदा चित्रगृहांत जाणाऱ्यांचा नाही.

सुरतेचे आणखी एक कारण आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये या शहरात प्लेगची साथ आली. लाखो लोक शहर सोडून गेले. शाळा, महाविद्यालये, चित्रपटगृहे बंद झाली. पुढे १९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या काळात शहराची जी सफाई झाली तिचे धडे नगरप्रशासनाच्या अभ्यासक्रमांत शिकवले जातात. त्या मोहिमेतून खाद्यपदार्थांची दुकानेही सुटली नव्हती. खाण्याची जागा अस्वच्छ असेल तर त्याची किंमत साऱ्या गावाला द्यावी लागते, हे या शहराने अनुभवले आहे. आजचा धोका निराळा आहे. तो उंदरांबरोबर येत नाही, तेल, मीठ आणि साखर यांच्या वाटेने येतो, आणि इतका सावकाश येतो की त्यासाठी कुणी गाव सोडून पळत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही भारतीयांची संख्या १० कोटींच्या वर असल्याचे अनुमान निघाले आहे.

आता मूळ पदार्थाकडे वळू. चित्रपटगृहातील खाण्याचा राजा म्हणजे पॉपकॉर्न, अर्थात मक्याच्या लाह्या. त्याची निंदा करण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण ती अर्धीच योग्य आहे. लाही ही मुळात उत्तम वस्तू होय. मक्याच्या विशिष्ट जातीच्या दाण्यात सुमारे १३ ते १४ टक्के पाणी असते आणि बाहेरचे कवच कठीण व बंदिस्त असते. दाणा तापला की आतील पाण्याची वाफ होऊ पाहते, परंतु तिला वाट मिळत नाही. दाब वाढत वाढत वातावरणाच्या दाबाच्या नऊदहा पट होतो, पिठूळ भाग मऊ पडतो, आणि तापमान १८० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचताच कवच फुटते. दाब एकाएकी उतरल्यामुळे आतला पिष्टमय भाग फेसासारखा फुलतो आणि तसाच थिजतो. यात धान्याचा कोंडा जात नाही, अंकुर जात नाही. पूर्ण धान्य आपल्या हाती येते. नुसत्या गरम हवेवर फुलवलेल्या १०० ग्रॅम लाह्यांत चौदापंधरा ग्रॅम तंतू आणि बारातेरा ग्रॅम प्रथिने असतात. मैद्याच्या कोणत्याही पदार्थात इतके तंतू सापडणार नाहीत.

मग बिघडते कोठे? कढईत. चित्रपटगृहातील यंत्रात मक्याच्या वजनाच्या साधारण एकतृतीयांश तेल घालण्याचा प्रघात आहे. हिशेब करून पाहू. ४५ ग्रॅम मका घेतला तर त्यातून सुमारे १६० कॅलरी मिळतात. त्यात १५ ग्रॅम तेल पडले की १३५ कॅलरींची भर पडते आणि बेरीज ३०० च्या घरात जाते. धान्य तेवढेच राहिले, उष्मांक मात्र जवळजवळ दुप्पट झाले. वरून पिवळे ‘बटर’ ओतले तर आणखी निराळे. त्या पिवळेपणाचा लोण्याशी संबंध असेलच असे नाही. रंग आणि वास घातलेले तेलही तेवढेच पिवळे दिसते. तेल कोणते हाही प्रश्न आहे. खोबरेल तेलात संपृक्त मेद ९० टक्क्यांच्या आसपास असते, पामतेलात निम्मे, आणि शेंगदाण्याच्या तेलात जेमतेम पंचमांश. ज्या गुजरातेत घरोघरी शेंगदाणा तेलाचे डबे भरून ठेवतात, तेथे लाह्या दुसऱ्या तेलात फोडाव्यात याचे कारण केवळ दर आणि टिकाऊपणा हेच असू शकते.

या बाबतीत अमेरिकेतील एक प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे. १९९४ मध्ये वॉशिंग्टनच्या ‘सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट’ या संस्थेने चित्रपटगृहांतील लाह्या प्रयोगशाळेत तपासून घेतल्या. त्या बहुतेक ठिकाणी खोबरेल तेलात केलेल्या होत्या. संस्थेने लोकांपुढे ग्रॅमचे आकडे ठेवले नाहीत, तर एक तुलना ठेवली. सकाळी डुकराचे मांस व अंडी, दुपारी हॅम्बर्गर व तळलेले बटाटे, रात्री भाजलेल्या गोमांसाचे साग्रसंगीत जेवण, या तिन्ही जेवणांत मिळून जेवढे मेद असते त्याहून अधिक एका मध्यम आकाराच्या ‘बटर’ पॉपकॉर्नमध्ये आहे, असे तिने सांगितले. वर्तमानपत्रांनी ही तुलना उचलून धरली आणि अनेक चित्रगृहसाखळ्यांनी तेल बदलले. पुढे २००९ मध्ये त्याच संस्थेने पुन्हा तपासणी केली तेव्हा काही साखळ्यांत खोबरेल तेल कायमच असल्याचे आढळले. एका बातमीने सुधारणा होते, पण ती टिकवायला दुसरी बातमी लागते, असा याचा अर्थ.

आपल्याकडे निदान कायद्याने काही गोष्टी साधल्या आहेत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल-तुपातील ट्रान्स मेदाची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात जी ध्रुवीय संयुगे तयार होतात त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरता येत नाही, हा नियम जुलै २०१८ पासून आहे. समोसा काळपट दिसला, तेलकट वास आला, तर हा नियम आठवावा. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यविक्रेत्यांनी पदार्थाच्या नावासमोर त्याच्या कॅलरी लिहाव्यात असाही दंडक आहे. मोठ्या चित्रगृहसाखळ्यांच्या फलकावर हे आकडे बारीक अक्षरांत असतात. किमतीचा आकडा वाचून आपण दचकतो, त्याच्या शेजारचा वाचतच नाही.

येथे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे विषयांतर करतो. डेव्हिड नील, वेंडी वुड आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रपटगृहात आलेल्या काही लोकांना ताज्या लाह्या दिल्या, काहींना सात दिवसांच्या शिळ्या. ज्यांना सिनेमा पाहताना पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय होती त्यांनी शिळ्या लाह्याही ताज्याइतक्याच खाल्ल्या, आणि त्या आवडल्या नाहीत असे स्वतःच सांगितले! सवय नसलेल्यांनी शिळ्या लाह्या बाजूला ठेवल्या. त्याच तऱ्हेचा प्रयोग बैठकीच्या खोलीत केला तेव्हा सवयीचे लोकही शिळे खाईनात. चित्रपटगृहातच पण डाव्या हाताने, म्हणजे सवयीच्या नसलेल्या हाताने, खायला सांगितल्यावरही त्यांचे शिळे खाणे कमी झाले. तात्पर्य, अंधारात जिभेचे फारसे चालत नाही, हाताचे चालते. म्हणून मोठा डबा घेऊन ‘अर्धाच खाईन’ असा निश्चय करण्यात अर्थ नाही. डबा लहान घेणे हाच निश्चय. दोन रुपयांच्या फरकात दुप्पट माल देणारी योजना ग्राहकाच्या पाकिटाला परवडत असेल, प्रकृतीला परवडत नाही.

शीतपेयांबद्दल फार लिहिण्याची आवश्यकता नाही. कोलाच्या १०० मिलीलिटरमध्ये दहाअकरा ग्रॅम साखर असते. अर्ध्या लिटरच्या पेल्यात पन्नासाहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी वरून घातलेल्या साखरेची दिवसाची कमाल मर्यादा साधारण तेवढीच सांगितली आहे, आणि शक्य तर त्याच्या निम्म्यावर थांबावे असे म्हटले आहे. म्हणजे मध्यंतरातच दिवस संपला. कॅरमेल लावलेल्या लाह्यांची गोष्ट तशीच. डिसेंबर २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने खुलासा केला की मीठमसाल्याच्या लाह्या ही एक वस्तू आणि कॅरमेलच्या लाह्या ही दुसरी, कारण ती साखरेची मिठाई ठरते. त्यावर देशभर विनोद झाले. कराचे सोडा, पण आहाराच्या दृष्टीने परिषदेचे वर्गीकरण बिनचूक होते.

‘मग घरचा डबा न्यावा’, असे कुणी म्हणेल. २०१८ मध्ये हा वाद महाराष्ट्रात चांगलाच पेटला होता. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका होती, आणि जुलैमध्ये नागपूरच्या अधिवेशनात राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास बंदी नसल्याचे सांगितले होते. परंतु ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. नरसिंह यांच्या पीठाने, जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात निराळा निर्णय दिला. चित्रपटगृह ही खाजगी मालमत्ता आहे, आणि तेथे बाहेरचे खाद्य आणू द्यावे की नाही हे मालक ठरवू शकतो. मात्र पिण्याचे शुद्ध पाणी विनामूल्य दिले पाहिजे, आणि तान्ह्या वा लहान मुलासाठी पालकांनी आणलेले बेताचे अन्न अडवू नये. जिलेबीची बोटे कुणी खुर्चीला पुसली तर, अशा अर्थाचा शेराही त्या सुनावणीत निघाला होता. निर्णय पटो वा न पटो, त्यातून एक गोष्ट निघते. डबा नेण्याचा मार्ग मालकाच्या मर्जीवर असेल, तर खिडकीमागे काय ठेवले जाते हाच खरा प्रश्न उरतो. तिकिटाच्या उत्पन्नातील मोठा हिस्सा वितरकाकडे जातो आणि खाण्याचे उत्पन्न मालकाकडे राहते, म्हणून ती खिडकी तो सोडणार नाही. त्याला परवडेल आणि आपल्याला पचेल असे काय, हे शोधायचे.

चित्रपटगृहाची स्वतःची काही बंधने आहेत. पदार्थ अंधारात, एका हाताने, न सांडता खाता आला पाहिजे. खुर्चीला डाग पडू नये. शेजाऱ्याला वास येऊ नये. मध्यंतराच्या गर्दीत दोन मिनिटांत हातात पडावा. आणि न खपल्यास उद्यापर्यंत टिकावा. लाह्यांनी जग जिंकले ते या कसोट्यांवर. अमेरिकेत सुद्धा सुरुवातीच्या डौलदार चित्रगृहांना पॉपकॉर्नची अडचण वाटत असे. १९३० नंतरच्या मंदीत धंदा बुडू लागला तेव्हाच त्यांनी तो आत घेतला.

या कसोट्या लावून सुरतेचे पदार्थ पाहू. लोचो बाद. हरभऱ्याच्या डाळीचा, वाफवलेला, म्हणजे मूळचा चांगला. पण वरून तेल, शेव, चटणी घेऊन येणारा हा ओलसर पदार्थ खुर्चीवर बसून खाण्याचा नव्हे. खमण थोडे बरे. तेही वाफवलेले, डाळीचे, आणि समोशाच्या मानाने कितीतरी हलके. मात्र त्यावरचे साखरपाणी व फोडणी आवरती घ्यावी, आणि ते बाहेरच्या दालनात उभ्याने खावे. थंड कोको हे सुरतेचे लाडके पेय आहे. त्याबद्दल वाईट लिहिले तर सुरतकर मला क्षमा करणार नाहीत, तरी ते दूध आहे तितकेच साखरही आहे एवढे नमूद करतो. त्याऐवजी ताक आहेच. सुरत जिल्हा दूध संघ, म्हणजे ‘सुमुल’, १९५१ पासून त्या शहराला दूध पुरवतो. बंद पिशवीतले ताक शीतपेयाच्या शीतपेटीतच राहू शकते, आणि त्यात साखर नसते. मीठ असते, हे रक्तदाबाच्या रोग्याने ध्यानात ठेवावे.

कोरड्या जिन्नसांत फुटाण्यांना तोड नाही. १०० ग्रॅम भाजलेल्या हरभऱ्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आणि अवघे पाच ग्रॅम मेद असते. शेंगदाण्यात प्रथिने २६ ग्रॅम, पण मेद ४० च्या घरात. म्हणून मूठभर ठीक, पुडीवर पुडी नको. सुरतेहून रेल्वेने तासाभरावर असलेल्या भरूचची खारी शिंग प्रसिद्ध आहे. एकपडदा चित्रगृहांत पूर्वी मध्यंतराला टोपली घेऊन फिरणारा पोऱ्या हेच दोन जिन्नस विकत असे. कागदाच्या पुडीतला तो खुराक आहारशास्त्राच्या दृष्टीने आजच्या पुष्कळ पदार्थांपेक्षा सरस होता, असे म्हणणे म्हणजे गतकाळाचे गोडवे गाणे नव्हे. वरचे आकडेच तसे सांगतात. उकडलेला गोड मका काही चित्रगृहांत मिळतो, तोही चांगला. ‘लोणी नको, लिंबू पिळा’ एवढे सांगण्याचा संकोच मात्र सोडावा लागतो.

आणि पोंक? थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास, तापीकाठी अडाजणच्या बाजूला पोंकाच्या टपऱ्या लागतात. ज्वारीची कोवळी कणसे भाजून, झोडपून काढलेले हिरवे दाणे, सोबत लिंबू-मिरीची शेव आणि ताक. आपला हुरडा तो हाच, आणि आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील वाचक ज्याला सीतनी म्हणतात तीही हीच. एकाच कणसाची तीन भाषांत तीन नावे! पण पोंक काही तासांत वाळतो, त्यामुळे तो चित्रगृहाच्या कपाटात ठेवता येणार नाही. चित्रपट सुटल्यावर नदीकाठी जाऊन खाण्याची ती चीज आहे.

पर्याय सुचवताना दोन तऱ्हेचे प्रेक्षक मी वेगळे काढतो. पहिला मधुमेही. सहा ते नऊचा खेळ रात्रीच्या जेवणाच्या वेळेवर येतो. इन्शुलीन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी घेतलेल्या माणसाचे जेवण लांबले तर साखर एकदम उतरून घाम, थरथर, ग्लानी येऊ शकते, आणि अंधारात ती शेजाऱ्याच्याही लक्षात येत नाही. अशा माणसाने गोळीची व जेवणाची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी, खिशात ग्लुकोज ठेवावे, आणि दारावर कुणी हरकत घेतली तर ते औषध असल्याचे सांगावे. दुसरा प्रेक्षक म्हणजे तीनचार वर्षांचे मूल. लाह्या, शेंगदाणे, फुटाणे यांपैकी काहीही त्याला देऊ नये. पुढचे दात आले तरी दाढांचे चर्वण नीट जमत नाही. हसताना किंवा दचकताना दाणा श्वासनलिकेत जातो. बालरोगतज्ज्ञ चार वर्षांखालील मुलांना हे जिन्नस देऊ नयेत असेच सांगतात, आणि पडद्यावर गोंगाट चालू असता मुलाचा अडकलेला श्वास ऐकू येणार नाही. त्याच्यासाठी केळे न्यावे. न्यायालयाने ती मुभा ठेवली आहे.

शेवटी राहिल्या ज्वारीच्या लाह्या, आणि माझी शिफारस त्यांच्यासाठीच आहे. मक्याच्या सर्व कसोट्यांना त्या उतरतात, आकाराने लहान असतात इतकेच. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले तेव्हा ज्वारीवर पुष्कळ भाषणे झाली. तिची लाही चित्रगृहाच्या यंत्रात टाकून पाहण्याचे कुणाच्या मनात फारसे आले नसावे. खानदेशात आणि इकडे सीमाभागात नागपंचमीला त्या घरोघर होतात. कन्नड घरांत त्यांना ‘अरळु’ म्हणतात. करण्याची रीत आजीला विचारावी. ज्वारी उकळत्या पाण्यातून काढून निथळायची, रात्रभर कापडात झाकून ठेवायची, आणि सकाळी खरपूस तापलेल्या लोखंडी कढईत मूठमूठ टाकून कापडाच्या बोळ्याने हलवायची. तेलाचा थेंब लागत नाही. रात्रभर झाकण्याचे कारण आता विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सांगावे लागू नये. कोरड्या साठवणीत दाण्यातले पाणी उतरलेले असते, ते पुन्हा योग्य प्रमाणावर आणायचे आणि दाण्यात सारखे मुरू द्यायचे. वाफ त्याचीच होणार आहे. फार ओली राहिली तर कवच मऊ पडते आणि दाणा फुलण्याऐवजी नुसता भाजतो. महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाच्या पुढच्या खेळाला हा प्रयोग करून पाहता येईल: दोन किलो ज्वारी, एक कढई, मीठ वेगळे ठेवायचे आणि ज्याने त्याने चिमटीने घ्यायचे. श्रावणात केल्यास लाह्या घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात; सुरतेच्या काय किंवा आपल्या काय, पावसाळी हवेत त्या तासाभरात सादळतात.